मुदत संपली, भिंत धड आहे, तरी सुरक्षा ठेव सुटत नाही

माणदेशकर:
तालुक्यात आमची छोटी सरकारी कामं असतात. रस्ता, मोरी, संरक्षक भिंत. एका भिंतीच्या कामात प्रत्येक चालू बिलातून ५ टक्के सुरक्षा ठेव कापली. दोष दायित्वाची मुदत, म्हणजे काम झाल्यावर दोष निघाला तर आम्हीच दुरुस्त करायचा तो काळ, गेल्या पावसाळ्यात संपली. भिंतीला कुठे तडा नाही. कार्यालयात गेलं की एकच उत्तर, "साहेब बदललेत, नवे साहेब पाहणी करतील, मग बघू." आमच्या कामात नफाच पाच-सात टक्के सुटतो, तो सगळा तिथे बिनव्याजी अडकलाय. इकडे सिमेंटवाल्याला उधारीचं व्याज चालूच. नियम बदलायचा तर नेमकं काय मागावं?

निवृत्त शाखा अभियंता:
ठेव रद्द करा असं मागू नका. पहिल्याच पावसात गिलावा सुटलेला आणि ठेकेदार फोन उचलत नाही, हे मी पाहिलंय. ठेव हवीच. पण कापताना तुमचा अर्ज लागत नाही, मग परत करताना का लागावा? मागणी अशी करा: मुदत संपायच्या महिनाभर आधी पाहणी झालीच पाहिजे, दोष लेखी कळवला नाही तर ठेव आपोआप सुटावी, आणि पुढच्या उशिरावर व्याज मिळावं. तूर्त काम पूर्णत्वाचा दाखला आणि एम.बी. (मोजमाप पुस्तिका) क्रमांक जोडून अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बिलं तपासणारी:
निधी नाही असं सांगितलं तर ऐकून घेऊ नका. चालू बिलाला अनुदान लागतं हे खरं, पण ठेव तुमच्याच बिलातून कापून ठेवींच्या लेखाशीर्षात जमा असते. आणि कालमर्यादा घालता येते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचना बघा: चालू बिलाच्या देय रकमेपैकी किमान ७५ टक्के बिल दिल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत, उरलेली अंतिम तपासणी करून बिल दिल्यापासून २८ कामकाजाच्या दिवसांत. राज्याच्या कामांना त्या आपोआप लागू नाहीत, म्हणून राज्याने स्वतःचा शासन निर्णय काढावा. ठेवीऐवजी बँक हमी चालते का, तेही निविदेत पाहा.

माणदेशकर:
बँक हमीला आमची बँक तेवढ्याच रकमेची मुदत ठेव मागते. पैसा अडकतोच, पण निदान व्याज तरी मिळेल. सोमवारी अर्ज देतो. ठेव आपोआप सुटण्याचा मुद्दा तालुका संघटनेच्या बैठकीत मांडतो, मसुदा इथे टाकेन. साहेब, तो एकदा नजरेखालून घालाल का?