शब्दचर्चा : ‘न्याय देणे’, ‘बूज राखणे’ आणि भयकादंबऱ्यांवरचे चित्रपट

भयकादंबऱ्या आणि त्यांच्यावरचे चित्रपट यांबद्दल एक लेख लिहिते आहे. त्यात एक वाक्य असं उतरलं : ‘कुब्रिकच्या चित्रपटाने कादंबरीला न्याय दिला नाही.’ लेख वाचायला दिला त्या मैत्रिणीने ‘न्याय’भोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘फिर्याद कुणाची?’ तेव्हापासून तो शब्द मला टोचतो आहे.

संदर्भ ‘द शायनिंग’चा. स्टीफन किंगची कादंबरी १९७७ची, स्टॅन्ली कुब्रिकचा चित्रपट १९८०चा. कादंबरीतला जॅक सोडलेली दारू पुन्हा धरू नये म्हणून धडपडणारा, मुलावर जीव असलेला माणूस आहे. ज्या झपाटलेल्या हॉटेलची राखण करायला तो येतो, ते त्याला हळूहळू गिळतं. तळघरात एक जुना बॉयलर आहे, त्याची वाफ वेळच्या वेळी सोडावी लागते, आणि वाचता वाचता कळतं की हे वर्णन जॅकचंही आहे. शेवटी बॉयलर फुटतो आणि हॉटेल जळतं. चित्रपटात जॅक कुंपणाच्या भूलभुलैयात थंडीने गोठून मरतो. आणि नोकरीच्या मुलाखतीच्या पहिल्याच प्रसंगात जॅक झालेल्या निकल्सनचं हसू बघून वाटतं, हा माणूस आधीच गेलेला आहे. किंगला हा चित्रपट आवडला नाही, हे त्याने उघडपणे सांगितलं. १९९७ साली त्याने स्वतः पटकथा लिहून टीव्हीसाठी मालिका करवली.

म्हणजे फिर्यादी आहे. पण मी वाचक आहे आणि प्रेक्षकही आहे, मला दोन्ही आवडतात. मग मी ‘न्याय’ म्हणते तेव्हा नक्की काय म्हणते? दुसरा कुठला शब्द आहे का?

प्रतिसाद :

‘भूमिकेला न्याय दिला’, ‘विषयाला न्याय दिला’ हे प्रयोग आता मराठीत पक्के मुरले आहेत. इंग्रजीच्या वळणाने आले असतील, तरी त्यांना हाकलायचं कारण दिसत नाही. पण मैत्रिणीची शंका खरी आहे. न्याय ‘मिळतो’ तेव्हा आधी अन्याय झालेला असतो. भूमिकेला न्याय देताना तसं काही नसतं, तिथे अर्थ फक्त ‘जेवढं तोलाचं होतं तेवढं तोललं’ इतकाच.

मला मात्र ‘न्याय’चा दुसरा अर्थ इथे जास्त कामाचा वाटतो. ‘बळी तो कान पिळी या न्यायाने’, ‘काकतालीय न्यायाने’ असं आपण म्हणतो. तिथे न्याय म्हणजे निवाडा नव्हे, रीत. तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘कादंबरी तिच्या न्यायाने चालते, चित्रपट त्याच्या.’ जॅकच्या डोक्यात काय चाललंय हे कादंबरी पानंच्या पानं सांगू शकते. चित्रपटाला ते चेहऱ्यावर आणावं लागतं, आणि चेहऱ्यावर आणलं की ते लगेच दिसतं. तुमची तक्रार बहुधा त्या ‘लगेच’बद्दल आहे.

प्रतिसाद :

‘बूज राखणे’. शब्दाची बूज राखतात, पाहुण्याची राखतात, गुणांची राखतात. समोरच्यात काय मोलाचं आहे हे ओळखून तसं वागणं. त्यात आज्ञा पाळणं येत नाही.

भयकादंबरीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो. शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९). एक झपाटलेलं घर, रात्र, गडद अंधार. एलिनॉर आणि थिओ एका खोलीत झोपल्या आहेत. भिंतीपलीकडून कुणीतरी पुटपुटतं, मग लहान मूल रडल्यासारखा आवाज येतो. एलिनॉर अंधारात थिओचा हात घट्ट धरून पडून राहते. इतका घट्ट, की थिओच्या बोटांची हाडं तिला जाणवतात. शेवटी ती ओरडते. दिवा लागतो. थिओ आपल्या पलंगावर, पार पलीकडे. मग एलिनॉरला प्रश्न पडतो की आपण हात कुणाचा धरला होता.

बस. जॅक्सन उत्तर देत नाही. रॉबर्ट वाइजने १९६३च्या चित्रपटात हा प्रसंग घेतला आणि कॅमेरा एलिनॉरच्या चेहऱ्यावर आणि भिंतीवरच्या नक्षीवर ठेवला. हात कुणाचा ते त्यानेही दाखवलं नाही. ही बूज. १९९९ साली त्याच कादंबरीवर पुन्हा चित्रपट आला, त्यात संगणकावर घडवलेली भुतं आहेत, कोरीव मूर्ती हलतात, सगळं सगळं दिसतं. घर तेच, पात्रांची नावं बहुतेक तीच. बूज गेली.

प्रतिसाद :

भीतीचे शब्द तपासल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही असं वाटतं, कारण ‘भयपट’ आणि ‘भयकादंबरी’ यांतलं ‘भय’ एकच नाही.

क्रियापदं बघा. भीती ‘वाटते’, आणि ती मला वाटते, मी काही करत नाही. दचकते मात्र मी, आणि क्षणात संपतं. धसका मी ‘घेते’ आणि मग तो वर्षानुवर्षं उराशी राहतो. दहशत ‘बसते’ आणि तिला मालक लागतो : अमक्याची दहशत. धास्तीला मालक असलाच पाहिजे असं नाही, ती पुढे येणाऱ्या गोष्टीची असते, अजून न घडलेल्याची. शिवाय अंगावर काटा येतो, दातखीळ बसते, बोबडी वळते, पोटात गोळा येतो. आपली भाषा भीतीला शरीरात जागा नेमून देते.

आता हे लावून पाहा. चित्रपटाला दचकवणं सोपं. शांतता ठेवायची आणि मग एकदम आवाज. पुस्तकाला दचकवता येत नाही. पान अंगावर उडी मारत नाही, आणि पुढची ओळ डोळ्यांच्या कोपऱ्यात आधीच दिसत असते. म्हणून चांगली भयकादंबरी धास्तीवर जगते. वाचक पुस्तक मिटतो, दिवा मालवतो, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते. ज्या चित्रपटाने धास्ती काढून तिथे दचके भरले, त्याच्याबद्दल ‘न्याय दिला नाही’ असं लोक म्हणतात. कथानक बदलल्याचं त्यांना एवढं वाटत नसतं.

उलट उदाहरण : आयरा लेव्हिनची ‘रोझमेरीज बेबी’ (१९६७). पुढच्याच वर्षी आलेला पोलान्स्कीचा चित्रपट कादंबरीला फार धरून आहे. पण पाळण्यातल्या बाळाच्या पिवळ्या डोळ्यांचं वर्णन लेव्हिनने केलंय, आणि चित्रपटात ते बाळ सरळ दाखवलेलं नाही. इथे चित्रपटाने पुस्तकापेक्षा जास्त हात राखला.

जाता जाता : ‘फार भयानक होता’ असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ‘बीभत्स होता’ असं म्हणायचं असतं. नाट्यशास्त्रात हे दोन रस वेगळे आहेत. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. रक्तामांसाचा चिखल दाखवून किळस येते, धास्ती वाटत नाही.

प्रतिसाद :

‘कादंबरीवर बेतलेला’ हा शब्द कुणी घेतला नाही. बेतणे हे शिंप्याचं क्रियापद आहे. अंगाचं माप घेऊन कापड बेततात, आणि बेतलं की काही तुकडे खाली पडणारच. ‘रूपांतर’मध्ये ते तुकडे दिसत नाहीत, म्हणून मला ‘बेतलेला’ जास्त प्रामाणिक वाटतो.

प्रतिसाद :

फिर्यादीवरून आठवलं. एकदा खरोखर खटला झाला होता.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ची. रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणं, अशी कागदपत्रं जोडून ती रचलेली आहे आणि ड्रॅक्युलाचं स्वतःचं एकही पान त्यात नाही. १९२२ साली दिग्दर्शक मुर्नाऊने जर्मनीत त्याच कथेवर ‘नोस्फेराटू’ हा चित्रपट केला, परवानगी न घेता, नावं बदलून. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली. १९२५ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो पाहतो.

हा कायद्याचा न्याय, आणि तो योग्यच होता, परवानगी घ्यायला हवी होती. पण कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो. त्याची शक्ती कमी होते, तो मरत नाही. उन्हाने पिशाच मरतं हे ‘नोस्फेराटू’ने आणलं, आणि आज जगभर तोच नियम चालतो. ज्याने चोरी केली त्यानेच मूळ कल्पनेत इतकी मोलाची भर घातली. याला कुठला शब्द लावायचा, मला अजून सापडलेला नाही.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हे शब्द घोळवते आहे.

‘न्याय’ मी पूर्ण टाकणार नाही. एका ठिकाणी तो अक्षरशः बसतो. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) तो निनावी जीव बोलतो, वाचतो, कवी मिल्टनही वाचतो, आणि आपल्या निर्मात्यासमोर उभा राहून न्याय मागतो : तू मला घडवलंस, तर तू माझं काही देणं लागतोस की नाही? जेम्स व्हेलच्या १९३१च्या चित्रपटात नट कार्लॉफने त्याला डोळे आणि हात दिले, त्यातून करुणाही दिसते, पण वाचा नाही. नुसते हुंकार. ज्याचं सगळं म्हणणं न्यायाबद्दल होतं त्याचा आवाजच काढून घेतला. तिथे ‘न्याय दिला नाही’ हे मी ठामपणे लिहीन, आणि मैत्रिणीने विचारलं तर फिर्यादीचं नाव नाही, पण फिर्यादी आहे.

हिल हाउसला ‘बूज राखली’ जातं.

‘द शायनिंग’चं वाक्य मात्र पूर्ण बदललं. आता असं आहे : ‘कादंबरीत जॅकची काळजी वाटता वाटता त्याची धास्ती वाटू लागते. चित्रपटात पहिल्यापासून त्याची दहशत बसते.’ काळजीपासून धास्तीपर्यंतचा तो रस्ता चित्रपटात नाही, आणि मला कादंबरीत तोच सर्वांत प्रिय आहे. ‘न्याय’ काढल्यावर हे लिहिता आलं.