बाळंतपणाची बॅग: ट्रॉली, सॅक की आईच्या कापडी पिशव्या?

आठवा_सरतोय:
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात डोंबिवलीहून साताऱ्याला माहेरी चाललेय, पहिलंच बाळंतपण. डॉक्टरांनी सांगितलंय की बॅग भरून दाराशी ठेवा. काय भरायचं त्याच्या याद्या ढीगभर मिळाल्या, प्रत्येक मैत्रिणीने आपापली पाठवलीय. पण कशात भरायचं हे कोणी सांगत नाही, आणि आमच्याकडे वाद नेमका त्यावरच चाललाय.

लग्नात आहेर आलेली मोठी लाल ट्रॉली आहे, कडक कवचाची. नवऱ्याची ट्रेकची ५० लिटरची सॅक आहे. तो म्हणतो हीच ने, कितीही पाऊस असो, आत थेंब जात नाही (वासोट्याला जाऊन आलीय, वास अजून येतो). ऑनलाइन एक डायपर बॅग बघून ठेवलीय, कप्पेच कप्पे, १८०० रुपये. सासूबाई म्हणतात बाळाचं नवं काही आधी आणायचं नाही, म्हणजे ती बादच झाली. आणि आईचं फोनवर एकच पालुपद, 'बॅग कसली घेतेस, दोन कापडी पिशव्या पुरे. पाचवी काय दवाखान्यात पुजायचीय?'

दवाखाना छोटा आहे, खाजगी, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखतात. भाऊ कॉलेजात आहे, उचलाउचल तो करेल. नवरा कळा सुरू झाल्यावर डोंबिवलीहून निघणार, त्यामुळे पहिले काही तास आई आणि भाऊच. अनुभवी लोकांनी सांगा.

सिस्टरमावशी:
अगं, बॅग उघडणार कोण ते आधी बघ. तू नाही उघडणार. तू आत असशील. सगळं आयुष्य लेबर रूममध्ये गेलंय माझं, आता निवृत्त आहे, म्हणून सांगते.

आम्ही दार अर्धवट उघडून हात बाहेर काढतो आणि म्हणतो, 'बाळाचं दुपटं द्या, टोपरं द्या.' त्या क्षणी बाहेर काय चालतं ते तुला माहीत नाही. ट्रॉली असली की ती आधी जमिनीवर आडवी पाडायची, दोन फाका करायच्या, अर्धा पॅसेज अडवायचा. येणारे-जाणारे ओलांडून जातात. आजी बिचारी घाबरलेली, तिच्या हाताला आधी पेढ्यांचा डबा लागतो, मग हेअर ड्रायर, मग घरी जाताना नेसायची साडी. दुपटं तळाशी. सॅकचं तर विचारूच नको, वरून तोंड, सगळी उपसल्याशिवाय खालचं हाती लागत नाही. तुझ्या डायपर बॅगेचे कप्पे ज्याने भरले त्यालाच सापडतात, तुझ्या आईला नाही.

तेव्हा साधी प्रवासी बॅग घे. रेक्झिनची किंवा जाड नायलॉनची, वरच्या बाजूला लांबच्या लांब चेन, दोन बंद, खाली ठेवली तर न कलंडणारी. एसटी स्टँडजवळच्या कुठल्याही बॅगवाल्याकडे मिळते. घरात जुनी असेल तर तीच, आतून धुऊन उन्हात वाळवलेली. खाटेखाली सरकेल एवढ्याच उंचीची बघ.

तळ पुसता येणारा हवा. दवाखान्यात फरशी पुसतात तेव्हा खाटेखाली फिनेलचं पाणी जातंच. आईची कापडी पिशवी ते खालून पिते आणि वर ठेवलेल्या लंगोटापर्यंत ओल चढते. ट्रॉलीची चाकं आणखी वाईट. सगळ्या पॅसेजमधली घाण गोळा करतात, आणि घरी गेल्यावर तीच बॅग लोक गादीवर ठेवतात. बघून जीव वरखाली होतो माझा.

आता आतलं. साड्यांना किंवा चादरींना चेनवाली पारदर्शक कव्हरं येतात ना, ती प्रत्येक घरात पडून असतात. त्यात गठ्ठे कर आणि मोठ्या अक्षरात मराठीत चिठ्ठी लाव. पहिला गठ्ठा बाळाचा: दोन दुपटी, एक झबलं, टोपरं, लंगोट, मऊ सुती कापड. दुपटी दोन का? बाळ जन्मलं की आधी कोरडं करतो, ते कापड ओलं होतं, ते बाजूला टाकून दुसऱ्या कोरड्यात गुंडाळतो. तेवढ्यात एकच दुपटं निघालं तर बाळ गार पडतं. दुसरा गठ्ठा तुझा: पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, आतले कपडे. सिझर झालं तर परकराची नाडी टाक्यांवर येते, म्हणून कंबर वरपर्यंत येणाऱ्या सैल चड्ड्या ठेव. घरी जातानाचे कपडे तिसऱ्या गठ्ठ्यात, आणि तो घरीच राहू दे. भाऊ आणेल.

सासूबाईंशी भांडू नकोस, निम्मं त्यांचं बरोबर आहे. घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड नव्या कडक झबल्यापेक्षा कधीही चांगलं. पण ट्रंकेतून काढलेलं, डांबरगोळ्यांचा वास येणारं काही बाळाला लावायचं नाही. काही बाळांना त्या वाफेने तांबड्या पेशी फुटून कावीळ होते, आणि ते कुठलं बाळ हे आपल्याला आधी कळत नाही. तसले कपडे दोनदा धू, कडक उन्हात वाळव, वास राहिला तर सरळ फरशी पुसायला घे.

बाटली, मध, बाळगुटी यातलं काही बॅगेत ठेवायचं नाही. पहिल्या तासात अंगावर घेतलं की बाळाला चीक मिळतो, तेवढा पुरतो. आजी लोक मधाची बाटली लपवून आणतात, मी पकडलेल्या आहेत!

दोन_मुलींचा_बाबा:
सिस्टरमावशींना अनुमोदन, एकच भर. फाइल त्या बॅगेत टाकू नका. शेवटच्या महिन्यात दर तपासणीला फाइल बाहेर येते आणि मग कुठेतरी टीव्हीवर राहते. वेगळी शबनम ठेवा. त्यात फाइल, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं आणि झेरॉक्स, विम्याचं कार्ड. कॅशलेसवाले रात्री दोनलाही कागद मागतात.

आणि एका कागदावर दोघांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग आधारप्रमाणे लिहून ठेवा. जन्मनोंदणीसाठी दवाखाना माहिती विचारतो तेव्हा समोर जो असेल तो सांगतो. आमच्या वेळी मेहुणा होता, पुढचं विचारू नका. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंदणी होते, नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

चार्जरची वायर लांब घ्या. प्लग नेहमी खाटेच्या मागेच असतो.

खाट_नंबर_नऊ:
मी थोडी वेगळी बाजू सांगते. माझी दोन्ही बाळंतपणं उपजिल्हा रुग्णालयात झाली. तिथे एका खाटेमागे एकच नातेवाईक, एक छोटं लॉकर, आणि तेही बंद होईलच असं नाही. तिथे मावशींची एवढी बॅगही जास्त होते. मी दोन केल्या होत्या: खांद्याची छोटी, बाळाच्या आणि माझ्या पहिल्या दिवसापुरती, आणि बाकीचं घरी. चेनला दोन सरक्या असतील अशीच घ्या, म्हणजे दोन्ही जुळवून छोटं कुलूप घालता येतं. पैसे आणि मोबाईल तरी बॅगेत नकोच, अंगावर.

सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या कोणी वाचत असतील तर: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं फुकट असतात. जेवणही असतं, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत. १०२ ची गाडी न्यायला येते आणि घरीही सोडते. म्हणजे डबे भरून न्यायची गरज नाही, पण ताट, वाटी, पेला आणि गरम पाण्याचा थर्मास आपला लागतो. सोबतच्या बाईला एक सतरंजी. माझ्या सासूबाईंनी पहिली रात्र वर्तमानपत्रावर काढली, अजून ऐकवतात.

आठवा_सरतोय:
सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. फिनेलवर ती गप्प झाली. मधावर मात्र नाही, 'तुला चाटवलाच होता की' म्हणाली. ते आता डॉक्टरांच्या तोंडूनच सांगायला लावते.

ठरलं असं: वडिलांची जुनी रेक्झिनची बॅग माळ्यावर आहे, भावाने काढून फोटो पाठवलाय. चेन चालते, एक बंद शिवून घ्यावा लागेल. दोन सरक्या आहेत! साडीची कव्हरं सासूबाईंनीच काढून दिली, बाळासाठी नवं काही आणत नाहीये म्हटल्यावर खूश. ट्रॉलीत माझे पुढच्या तीन महिन्यांचे कपडे जातील, ती माहेरीच थांबेल. नवऱ्याला सॅक स्वतःसाठी आणायला सांगितलीय, दवाखान्याबाहेर ठेवायच्या अटीवर.

एकच प्रश्न राहिला. गठ्ठ्यांवर सगळ्यात वर काय ठेवू?

सिस्टरमावशी:
बाळाचाच गठ्ठा वर. बांगड्या, अंगठ्या, नेलपॉलिश घरूनच काढून जा. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतो तेव्हा नेलपॉलिश आड येतं.

तुझा रक्तगट कोणता गं? लिहिला नाहीस.

आठवा_सरतोय:
बी निगेटिव्ह. नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह.

सिस्टरमावशी:
मग हे आधी सांगायचं! रक्तगटाच्या कागदाची एक झेरॉक्स शबनममध्ये, एक बाळाच्या गठ्ठ्याच्याही वर. बाळाचा गट पॉझिटिव्ह आला तर तुला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, पुढच्या वेळच्या बाळाच्या रक्ताला तुझ्या रक्ताचा त्रास होऊ नये म्हणून. गरोदरपणात एक घेतलं असशील तर त्याची तारीखही त्या कागदावर लिही, ते घेतलं तरी हे चुकत नाही. साताऱ्याला पोचलीस की पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना विचार, इंजेक्शन त्यांच्याकडे असतं की बाहेरून आणावं लागतं. बाहेरून असेल तर कुठल्या दुकानातून, ते भावाला आत्ताच दाखवून ठेव.