वचन ऐकून डोळे पाणावतात, पुढं काय?

कुमठानाका:
जय ख्रिस्त. आमची घरगुती प्रार्थनासभा शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला असते. दहा-बारा माणसं, दोघं-तिघं चादरीच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट येतात. पाऊण तासात तीन गाणी, बायबलचा अख्खा अध्याय, प्रार्थना, चहा. वचन ऐकून कुणी रडतं, कुणी म्हणतं "हे अमक्यानं ऐकायला हवं होतं", आणि पुढच्या शुक्रवारी पालथ्या घड्यावर पाणी. पश्चात्तापाला सभेत जागा कशी करायची? नुसतं "नम्र व्हा" नको, नेमकं सांगा.

सातरस्ता:
आधी अख्खा अध्याय सोडा. १० ते १५ ओव्या घ्या, दोनदा वाचा, वाचणारे वेगळे ठेवा. दुसऱ्या वाचनानंतर ३ मिनिटं कुणी बोलायचं नाही. मोबाइलवर वेळ लावा, नाहीतर अर्ध्या मिनिटातच कुणीतरी गाणं सुरू करतं. मग प्रत्येकानं कागदावर एक वाक्य लिहायचं, "मी"पासून सुरू होणारं. "आपण सगळेच पापी" चालणार नाही, त्यात कुणीच सापडत नाही. खाली लिहायचं: कुणाकडे जायचं, कोणत्या दिवशी. कागद घरी न्यायचा, सभेत वाचायचा नाही. एक गाणं कमी केलं की एवढा वेळ निघतो.

होटगीरोड:
"अमक्यानं ऐकायला हवं होतं" यावर बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाचा २२वा अध्याय वाचा. शाफान चिटणीस यहूदाचा राजा योशीया याला आधी मंदिराच्या दुरुस्तीच्या पैशांचा हिशेब देतो, मग सांगतो की हिल्कीया याजकानं एक ग्रंथ दिलाय. राजा त्यातलं नियमशास्त्र ऐकतो आणि दुःखानं कपडे फाडतो. पूर्वजांनी ऐकलं नाही हे तो म्हणतो, पण परमेश्वराला विचारायला माणसं पाठवतो ती "माझ्यासाठी, लोकांसाठी, सर्व यहूदासाठी". स्वतःला पहिला धरतो.

हुल्दा संदेष्ट्रीचं उत्तर तर अवघड आहे: संकट टळणार नाही, फक्त तुझ्या हयातीत येणार नाही. तरीही २३व्या अध्यायात तो लोकांना जमवून ग्रंथ वाचून दाखवतो, मूर्ती जाळतो, वल्हांडण सण पाळतो. पश्चात्ताप केला की अडचण सुटते, असा सौदा जिथं शिकवतात तिथं हा अध्याय मुद्दाम वाचावा.

याच योशीयाचा मुलगा यहोयाकीम. यिर्मया ३६: हिवाळी महालात शेगडी पेटलेली, यिर्मया संदेष्ट्याच्या वचनांच्या गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की राजा ते चाकूनं कापून आगीत टाकतो. गमऱ्यासह तिघं "जाळू नका" म्हणतात, तो ऐकत नाही. गमऱ्या हा शाफानाचा मुलगा, हे माझ्या मते या प्रसंगातलं सगळ्यात बोलकं नातं. आपण गुंडाळी जाळत नाही, नकोशा ओव्या तेवढ्या सोडून पुढं जातो.

रेल्वेलाइन्स:
कागदावर पैशाचा विषय आला तर तो "प्रभू, क्षमा कर" एवढ्यावर मिटत नाही. बायबलमधल्या गणना ५:७ प्रमाणे मुद्दल आणि वर त्याचा पाचवा भाग परत द्यायचा. कामगाराचे १०,००० दाबले असतील तर १२,०००. येशूला भेटलेला जकातदार जक्कय चौपट द्यायला तयार झाला, तो त्याच्या मनाचा मोठेपणा, पण मुद्दल तरी परत करा. पैसे न देता नुसती माफी मागितली की समोरच्यालाच "आता विसरा" म्हणावं लागतं, हा दुसरा अन्याय.

दोन ठिकाणी सांभाळा. दुसऱ्याचं नाव गुंतलेलं पाप सभेत बोलू देऊ नका; त्या व्यक्तीला किंवा पाळकांना एकांतात सांगावं. मारहाण किंवा लेकरांवरचा अत्याचार असेल तर "पश्चात्ताप झाला" म्हणून दाबायचं नाही, पोलिसांत जायचं. आणि कुणी दर आठवड्याला तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करून खचत असेल, तर त्याला १ योहान १:९ (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो) वाचून दाखवा. नहेम्या ८ मध्ये नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले, तेव्हा लेव्यांनी, म्हणजे मंदिराच्या सेवकांनी, त्यांना थांबवलं: खा, प्या, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटे पाठवा. सातव्या महिन्याचा तो पहिला दिवस होता. सामूहिक कबुली २४ तारखेला झाली.

कुमठानाका:
आभार. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? दोन आजी आहेत.

सातरस्ता:
त्यांना कागद नको. ३ मिनिटांनंतर एकच प्रश्न विचारा: "कुणाकडे जायचंय?" उत्तर मनातच ठेवू द्या. पहिल्या शुक्रवारी २ राजे २२:८-१३ पुरे, २३वा अध्याय त्याच दिवशी उघडू नका.