मदत हवी आहे: खर्च वाचवायची सूचना दिली, बक्षीस कुठे मागायचं?

पाणीवाला: आमच्या पंपगृहात नवे कमी क्षमतेचे पंप आले, पण कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी ठरवलेला कमाल भार, जुनीच राहिली. न वापरलेल्या भाराचा डिमांड चार्ज भरत होतो. मी सुचवलं, डिमांड कमी केली, बिल उतरलं. आता बक्षिसाचा अर्ज कोणाकडे? लवकर सांगा, मुदत संपेल.

सह्याद्री७: कसली मुदत? खातं कोणतं? राज्य, केंद्र की जिल्हा परिषद?

निवृत्त रूळवाला: आमच्या रेल्वेत सूचना योजना होती. समितीपुढे कागद जायचा, पसंत पडला की रोख बक्षीस. मलाही मिळालंय. तुम्हीही समितीकडेच द्या.

सह्याद्री७: काका, ते रेल्वेत. यांच्याकडे समिती आहे का ते तर कळू दे.

पाणीवाला: नगरपरिषद. मुदत प्रशासकीय गतिमानता अभियानाची, म्हणजे चांगल्या कामाला बक्षीस देणाऱ्या राज्य सरकारच्या स्पर्धेची म्हणतोय.

चिंतामणी: बिल बघणं हे कामच आहे. त्याचा पगार मिळतो. बक्षीस कशाला?

डल्लासकर: अमेरिकेत फेडरल कर्मचाऱ्याच्या सूचनेला कायद्यानेच रोख बक्षीस आहे. खातं स्वतःच्या अधिकारात १०,००० डॉलरपर्यंत देतं, वरून मंजुरी घेऊन २५,००० पर्यंत.

करसल्लागार: रक्कम मिळालीच तर आयकर कायद्यातलं पुरस्काराच्या सवलतीचं कलम वाचून ठेवा, १९६१ च्या कायद्यात ते १०(१७अ) होतं. सरकारी पुरस्काराला सूट मिळू शकते.

पाणीवाला: चिंतामणी, मी पंपचालक आहे. बिल लेखा विभागात जातं, मी मुद्दाम मागून पाहिलं.

चिंतामणी: हे आधी सांगायचं. मग हक्क आहे तुमचा.

सह्याद्री७: सूचना लेखी दिली होती? आवक क्रमांक?

पाणीवाला: लेखी दिली, पोच घेतली नाही. टिपणी साहेबांच्या नावाने गेली. माझं नाव कुठेच नाही.

जागृत: माहिती अधिकार टाका. टिपणीची प्रत ३० दिवसांत मिळायला हवी, कारण सांगावं लागत नाही.

निवृत्त रूळवाला: आपल्याच साहेबांवर माहिती अधिकार? बदली ओढवून घेईल तो. आधी मुख्याधिकाऱ्यांना भेटा.

जागृत: भेटून कागद मिळाला असता तर इथे आले असते का?

सह्याद्री७: भेटा, पण लेखी अर्ज घेऊनच, आणि पोच घ्या. डिमांड कमी होण्याआधीची आणि नंतरची बिलं जोडा. अभियानाचा ताजा शासन निर्णय सामान्य प्रशासन विभागाचा असतो, वैयक्तिक प्रस्ताव घेतात का ते त्यात बघा.

पाणीवाला: बिलं लेखा विभाग देत नाही. वीज कंपनीकडून मिळतील का? ग्राहक क्रमांक माझ्याकडे आहे.