घरून काम मिळालं, आता राहायचं कुठे? गावही नको, पुणंही नको, जिल्ह्याचं ठिकाण बघा

संगम माहुली
आमच्या दोघांच्याही कंपन्यांनी कायम घरून काम करायला लेखी परवानगी दिली, तेव्हा आम्ही वाकडला राहत होतो. भाडं ३४ हजार. मेंटेनन्स वेगळा, उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे. ऑफिसला जायचंच नाही तर हिंजवडीच्या दारात राहून एवढे पैसे कशासाठी घालवायचे?

नवऱ्याचं म्हणणं, गावाला जाऊ. गाव पाटण तालुक्यात, वर डोंगरात. जून-जुलै दोन महिने राहून पाहिलं. घर प्रशस्त, सासूबाईंच्या हातची भाकरी, मुलगा दिवसभर अंगणात. पण वीज गेली की सहा-सहा तास यायची नाही, आणि रेंज मिळायची ती फक्त देवळाच्या पायरीवर. एका क्लायंटची मीटिंग मी त्या पायरीवर छत्री धरून केली. मुलाला रात्री ताप चढला तेव्हा पावसात घाटरस्त्याने खाली यायला दीड तास लागला. त्या दीड तासात माझं ठरलं.

आता दीड-दोन वर्षं साताऱ्यात आहोत. भाडं १३ हजार. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी, त्यावर इन्व्हर्टर. डॉक्टर दहा मिनिटांवर. पुणं ११० किलोमीटर, स्वारगेटची विनाथांबा एसटी पकडली की झालं. गावही जवळ, दर पंधरा दिवसांनी जातो.

माझं स्पष्ट मत असं की वीज, इंटरनेट आणि डॉक्टर बाराही महिने मिळतात ते सगळ्यात लहान गाव निवडावं. आपल्याकडे ते बहुधा जिल्ह्याचं ठिकाण असतं. तुम्हाला काय वाटतं?

आंबा घाट
ताई, मला हे पटत नाही. मी २०२१ पासून साखरप्याजवळच्या आमच्या गावात राहून काम करतो. आई ७१ वर्षांची, एकटी होती. वाडीतल्या १९ घरांपैकी ११ घरांना कुलूप. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ ला १६ लाख १५ हजार उरली. आख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना आमची आणि सिंधुदुर्गाची घटली. हे आकडे आम्हाला कुलपांच्या रूपाने रोज दिसतात.

तुम्ही म्हणता, सोयी आहेत तिथे जा. पण माणसंच नसतील तर सोयी येणार कशा? मी आलो तेव्हा इथेही इंटरनेट नव्हतं. मी, शाळेचे गुरुजी, दुकानदार आणि पलीकडच्या वाडीतला एक मुलगा असे चौघे मिळून केबलवाल्याकडे गेलो. चार जोडण्या नक्की म्हटल्यावर त्याने मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर वायर ओढली. आज त्याच वायरवर २३ घरं आहेत. मी साताऱ्याला गेलो असतो तर ती वायर आली नसती. छपरावर सोलर बसवलंय. पावसाळ्यात ते कमी पडतं, म्हणून बॅटरी दुप्पट घेतली.

खर्चाचं म्हणाल तर डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच होती. घरपट्टी अजून पणजोबांच्या नावावर, हिस्सेदार १४, त्यातले पाच मुंबईत आणि एक बडोद्याला. नळे काढून पत्रे घालायचे तरी सगळ्यांना विचारावं लागलं. वडिलोपार्जित घरात जाऊन राहायचं मनात असेल त्याने इंटरनेटच्या आधी भाऊबंदांना फोन करावा.

ठाणेकरीण
आंबा घाट, तुमची कळकळ खरी आहे. पण एवढं लिहिलंत त्यात तुमच्या बायकोचं मत कुठेच नाही.

मी दापोली तालुक्यात सासरी अकरा महिने राहून काम केलं. माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगते. पण तिकडे ऑफिस म्हणजे जिथे बाई सकाळी डबा घेऊन जाते ती जागा. मी माजघरात लॅपटॉप उघडून बसले की सगळ्यांच्या लेखी मी घरातच. 'घरातच आहेस तर जरा दूध बघ.' 'पाहुणे आलेत, चहा टाक.' कानाला हेडफोन लावलेला पाहून शेजारच्या काकू म्हणायच्या, किती वेळ गाणी ऐकते ही. त्याच घरात नवरा वरच्या खोलीत दार लावून काम करायचा, आणि त्याचं दार कोणी वाजवायचं नाही. 'तो कामात आहे' हे सगळ्यांना कळायचं. माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त होता, तरीही.

सकाळी पाचला उठून मी सगळ्यांचा स्वयंपाक करायचे, नऊला लॉगिन. रात्री अमेरिकेची मीटिंग संपवून उठावं तर भांडी वाट पाहत असायची. अकराव्या महिन्यात माझं बीपी वाढलं. आम्ही ठाण्याला परत आलो. दोन खोल्या आहेत, महाग आहेत, पण त्यातल्या एकीला दार आहे आणि ते मी लावू शकते.

आणि वादळाचं विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा सासरची सगळी सुपारी आडवी झाली. दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांत पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. तेवढे दिवस कुठली कंपनी थांबते?

राहायची जागा ठरवताना त्या घरात काम करणाऱ्या बाईला काय मिळणार, हे पहिल्यांदा विचारा. वीज, डॉक्टर त्यानंतर.

आंबा घाट
ठाणेकरीण ताई, मी अर्धंच लिहिलं होतं. माझी बायको आणि मुलगी कोल्हापूरला असतात. मुलगी सातवीत आहे, तिच्या शाळेसाठी. दर शुक्रवारी रात्री मी घाट चढतो, रविवारी रात्री उतरतो. बायको सुरुवातीला आठ महिने इथे राहिली. तुम्ही जे लिहिलंत त्यातलं बरंच तिने मला तेव्हा सांगितलं होतं, आणि मी 'सवय होईल' म्हणालो होतो.

आईसाठी मी इथे राहतो हे बरोबरच आहे, त्यावर मी ठाम आहे. पण हा सल्ला सगळ्या कुटुंबाला लागू पडतो असं मी आता म्हणणार नाही.

कात्रज बोगदा
सगळे जण जागेबद्दल बोलताय, नोकरीबद्दल कोणीच नाही. मी २०२२ ला कराडला फ्लॅट घेतला, २० वर्षांचं कर्ज काढून. दीड वर्षात कंपनीने आठवड्यातून तीन दिवस पुण्यात या असं कळवलं. आज कराडचा हप्ता २७ हजार, आणि पुण्यात एका खोलीचं भाडं ११ हजार. कराडला भाडेकरू मिळाला, पण तो देतो नऊ.

नोकरी बदलून पाहिली, पाच ठिकाणी मुलाखती दिल्या. पाचपैकी चौघांनी पहिलाच प्रश्न विचारला, पुण्यात राहता का? मी पुण्यात असतो तर त्यातली एक तरी मिळाली असती, असं मला अजून वाटतं. म्हणून माझं मत दोघांच्याही विरुद्ध. वय चाळिशीच्या आत असेल आणि आणखी नोकऱ्या बदलायच्या असतील तर शहर सोडू नका. सोडलंत तर भाड्यानेच राहा.

संगम माहुली, परवानगी लेखी आहे म्हणता. 'कंपनीच्या गरजेनुसार यात बदल होऊ शकेल' असं वाक्य त्या पत्रात आहे का, एकदा वाचा. माझ्या पत्रात होतं. मी ते वाचलं नव्हतं.

पोवई नाका
मी साताऱ्यातच वाढलो, एका दुकानात हिशेब लिहितो. १३ हजार भाडं तुम्हाला स्वस्त वाटतं. आमच्या गल्लीत तेच घर चार वर्षांपूर्वी साडेसात हजाराला होतं. मालक आता सरळ सांगतो, पुण्याची पार्टी तेरा देते, तुम्हाला जमत नसेल तर बघा. मला नाही जमलं. मी शहराबाहेर गेलो, आता सकाळी वडापची जीप धरून कामावर येतो.

तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाही. पण 'जिल्ह्याचं ठिकाण स्वस्त आहे' हे ज्याच्या हातात पुण्याचा पगार आहे त्याने म्हणायचं. आणि एक विचारतो. दीड-दोन वर्षं राहताय, तर मतदार यादीत नाव इथे आणलंत का? पाण्यासाठी नगरपालिकेत कधी गेलात? ज्यांचा मुक्काम कधीही हलू शकतो त्यांच्यासाठी भाव वाढतात, आणि ते गेल्यावर खाली येत नाहीत.

संगम माहुली
पोवई नाका दादा, भाड्याचं माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. आम्ही घर पाहिलं तेव्हा मालकाने पंधरा सांगितले, आम्ही तेरावर आणले आणि खूश झालो. आधी तिथे कोण राहत होतं, हे विचारलंच नाही. नाव अजून वाकडच्याच यादीत आहे. फॉर्म ८ याच आठवड्यात भरते.

ठाणेकरीण, पाटणच्या दोन महिन्यांत मी रेंज आणि विजेबद्दल सगळ्यांना सांगितलं, पण पाच वाजता उठण्याबद्दल कोणालाच नाही. तुमचं वाचताना ते आठवलं. गाव नको म्हणायला मला मुलाच्या तापाचं कारण मिळालं. ते नसतं तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही.

कात्रज बोगदा, पत्र काढून वाचलं. दोघांच्याही पत्रात ते वाक्य आहे, माझ्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात. पुढच्या गुरुवारी आम्ही एका एनए (बिगरशेती) प्लॉटचा विसार देणार होतो. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि विसार थांबवला. राहणार मात्र साताऱ्यातच, भाड्याने.