जुन्या पिकअपला रुंद टायर आणि अलॉय: "काही बिघडत नाही" कसं म्हणता?

शेवटचा_पाटा
कालच्या पोस्टमधला सल्ला असा: "जुन्या बोलेरो पिकअपला २३५/७५ आर१५ (२३५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, १५ इंची रिमचा टायर) आणि अलॉय (हलक्या मिश्रधातूच्या रिम) बिनधास्त टाका. रुंद टायर जास्त भार पेलतो. मागून बसायला लागली तर हवा वाढवा." हे वाचून लोक उद्या दुकानात जातील, म्हणून सविस्तर लिहितो.

भार रुंदीवर ठरत नाही, साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, छापलेल्या लोड इंडेक्सवर (एक टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) ठरतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, ११२ म्हणजे १,१२०. एसयूव्ही बोलेरोचा २१५/७५ आर१५ साधारण १०० चा, आणि दुकानात सहज मिळणारा २३५/७५ पॅसेंजर टायर १०५ चा. आता आरसीवर मागच्या आक्सलचा (दोन्ही मागच्या चाकांचा मिळून) भार बघा. समजा १,९०० किलो आहे. म्हणजे एका चाकावर ९५०. हौद्यात कायद्याने चालतो तेवढाच माल भरला तरी तुमचा रुंद टायर कमी पडला.

पिकअपला मालवाहू बांधणीचा टायर लागतो. आकार तोच २१५/७५ आर१५, पण ८ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे बांधणीच्या मजबुतीचा आकडा). मूळ गाडी ७.००-१५ वर आली असेल तर तोच आकार. या टायरवर इंडेक्सचे दोन आकडे असतात, त्यातला तिरप्या रेघेआधीचा एकेरी चाकाचा. तोच धरायचा.

आणि हवा! साध्या पॅसेंजर टायरची क्षमता साधारण ३६ पीएसआयला ठरलेली असते. त्यात ५५ भरली तर टायर कडक होतो, पेलायची ताकद तीच राहते. मधला पट्टा आधी झिजतो आणि खड्ड्यात आतले दोरे तुटून बाजूला फुगा येतो.

रानवाट
पोस्ट माझी आहे. तुम्ही सगळ्या पिकअप कांद्याने भरलेल्या धरता. दूध, भाजी, नर्सरीची रोपं नेणाऱ्यांच्या हौद्यात ५००-६०० किलोच असतात. त्यांनी ८ पीआरचा दगडासारखा टायर लावून रिकाम्या गाडीत कंबर का मोडून घ्यायची? पावसात रिकामी पिकअप मागून कशी उडते आणि घसरते, ते घाटात चालवणाऱ्याला विचारा.

शेवटचा_पाटा
रिकामी उडते हे खरं. पण म्हणून हवा भाराप्रमाणे कमी-जास्त करायची, टायरची जात बदलायची नाही. शिवाय २१५/७५ ची उंची ७०३ मिलिमीटर, २३५/७५ ची ७३३. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या पुढे असते. गिअरही तेवढेच लांब होतात, म्हणजे करूळ किंवा आंबेनळी घाट चढताना क्लच भाजतो. आणि २३५ ला किमान ६ इंची रिम लागते, साडेपाचवर तो नीट बसत नाही.

कांदामार्केट
आरसीवरच्या भाराने कोण गाडी भरतं? दीड टनाच्या गाडीत अडीच टन टाकायला लावतात, नाही म्हटलं तर भाडं दुसऱ्याला. टायर फुटला की ड्रायव्हरचा दोष. आधी त्यावर बोला, मग इंडेक्स शिकवा.

शेवटचा_पाटा
तुमचा राग रास्त आहे. पण अडीच टनांसाठी कुठला टायर, याचं उत्तर मी देणार नाही. पाटे, बेअरिंग, ब्रेक त्या भाराचे नाहीतच.

फडकरी
उसाच्या फडात जाणाऱ्या गाडीला नायलॉनच (तिरप्या दोऱ्यांचा जुन्या पद्धतीचा टायर; रेडियलचे दोरे आडवे). खुंटाने रेडियलची बाजू फाटते, नायलॉनची जाड असते. आणि ज्याला चार नवे परवडत नाहीत त्याने सरळ रिमोल्ड (जुन्या टायरवर नवा पट्टा चढवून) करावेत. इथे रिमोल्डचं नाव काढलं की नाकं मुरडतात.

शेवटचा_पाटा
फडासाठी नायलॉन, मान्य. डांबरावर मात्र तो जास्त तापतो आणि लवकर झिजतो. एका आक्सलवर एक नायलॉन, एक रेडियल कधीही नको. जोड्याच वेगळ्या असतील तर रेडियल मागे. पिकअपला रिमोल्ड मात्र नको.

फडकरी
का नको? कारण सांगा, हुकूम नको. कोल्ड प्रोसेसमध्ये केसिंग (जुन्या टायरचा सांगाडा) आतून-बाहेरून तपासतात, बफिंग करतात म्हणजे जुना पट्टा खरवडतात, कुशन गम (चिकटवायचा रबर) लावून तयार पट्टा चढवतात आणि चेंबरमध्ये १००-११० अंशांना काही तास पक्का करतात. नीट केलेला पट्टा सहसा सुटत नाही. सुटतो तो हवा कमी ठेवल्यामुळे किंवा बफिंगनंतर ओल, धूळ राहिल्यामुळे.

शेवटचा_पाटा
प्रोसेस बरोबर सांगितलीत. अडचण केसिंगची आहे. कांदामार्केट म्हणतात तसा भार वाहून ते आधीच भाजलेलं असतं. टायरच्या बाजूवरची तारीख बघा: ३२१६ म्हणजे २०१६ चा ३२ वा आठवडा. वरचा पट्टा नवा, आतले दोरे तेव्हाचे. दोन वेगळी केसिंग आली की उंचीत फरक पडतो, मग सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे (वळणावर दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाचे) आतले गिअर सतत फिरत राहतात. पुढच्या चाकाचा रिमोल्ड फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं.

फडकरी
पुढच्या चाकांना नको, हे मी नाकारलंच नाही. पण मागे एकाच जातीची, एकाच उंचीची, बाजूला चीर नसलेली, बीडची (रिमवर बसणाऱ्या कडेची) तार सरळ असलेली दोन केसिंग मिळाली तर रिमोल्ड चालतो. लोक गोटा (नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या) टायरवर फिरतात, त्यापेक्षा हजारपट बरा.

शेवटचा_पाटा
गोट्यापेक्षा बरा, एवढंच मान्य. खाचेतली टीडब्ल्यूआयची (झीज दाखवणारी) १.६ मिलिमीटरची खूण पट्ट्याच्या पातळीला आली की टायर संपला. पैसे कमी असतील तर दोनच नवे घ्या, मागे टाका, आणि मागचे बरे पुढे आणा.

कांदामार्केट
नवे मागे? भार वाहून थकलेले टायर पुढे आणायचे? वर तुम्हीच म्हणालात, पुढचा फुटला तर स्टिअरिंग जातं!

शेवटचा_पाटा
म्हणूनच "बरे" म्हटलं. फुगा, चीर किंवा जुनी तारीख असेल तर पुढे नाहीच, चारही बदला. ओल्या रस्त्यावर मागचं टोक सुटलं की सावरता येत नाही, म्हणून चांगली नक्षी मागे.

रानवाट
इंडेक्सचा हिशोब पटला. पोस्टमध्ये "रुंद म्हणजे जास्त भार" लिहिलंय, ते काढतो. अलॉयबद्दल माघार नाही. लोखंडी डिस्क (रिम) गंजते, कडेने हवा गळते.

शेवटचा_पाटा
गंजलेली कड तारेच्या ब्रशने घासून रंगवता येते. तरी अलॉय घ्यायचेच असतील तर आतल्या बाजूला कोरलेला कमाल भार वाचा. तो तुमच्या एका चाकावरच्या भाराच्या (वरच्या हिशोबात ९५० किलो) खाली असेल किंवा लिहिलेलाच नसेल तर हात लावू नका. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं ते) मूळ डिस्कचेच हवेत. स्पेसर (चाकामागची जाड चकती) घालून चाक बाहेर काढलं की बेअरिंगवर ताण वाढतो. अलॉयच्या बैठकीला जुळणारे नट घ्या, ते समोरासमोर आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. टायरवर आयएसआय खूण बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं आणि टायरचा आकार आरसीवर लिहिलेला असतो, हेही पोस्टमध्ये टाका.

फडकरी
आणि स्टेपनी त्याच आकाराची ठेवा. चार चाकं बदलून जुनी तशीच लटकवतात, मग पंक्चर झाल्यावर एका बाजूला वेगळ्या उंचीचं चाक लावून भरलेली गाडी गावापर्यंत ओढतात.