जोडीदाराचं वजन उतरत नाही, तेव्हा घरातलं माणूस काय करतं?

आवाहन, पर्वरीहून

माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय आणि तो मनापासून मागे लागलाय. पर्वरीचा चढ रोज चालतो, शीत म्हणजे भात कमी केलाय, गोड सोडलंय. तरी काटा थोडा खाली जातो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. अशा वेळी आजूबाजूचे सगळे एकच वाक्य बोलतात: "मनावर घेतलं की होतं." मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. वजन उतरायला लागलं की शरीर स्वतःच आडवं येतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन कमी होतं, बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. म्हणजे माणूस आधीपेक्षा जास्त भुकेला असतो आणि त्याच वेळी त्याने आधीपेक्षा कमी खावं अशी आपली अपेक्षा असते.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट निघाली. मधुमेहावरची ग्लिमेपिराइड ही गोळी वजन वाढवू शकते. इन्शुलिन, स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांचंही तसंच. डॉक्टरांना थेट विचारलं तेव्हा त्यांनी औषध बदलून दिलं. कुणीही स्वतःहून गोळी बंद करू नये, पण विचारावं मात्र जरूर.

गोव्यातल्या तुम्हा सगळ्यांकडून मला ऐकायचंय. किलो किती उतरले ते लिहिलं नाही तरी चालेल. घरात काय बदललं, जोडीदाराला काय उपयोगी पडलं, काय नकोसं झालं, ते लिहा. नावं नकोत, गाव पुरे.

डिचोलीहून

आमचे हे खाणीवरचे ट्रकवाले. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या आणि मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. पहाटे घर सोडणारा माणूस दारात उभ्या ट्रककडे बघत दिवसभर खुर्चीत. वजन तेव्हा चढलं. डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला, पण मला दिसत होतं की दुखणं ताटात नाहीच. उठायला कारणच उरलं नव्हतं त्यांना.

माझ्या भावाचं कुळागर, म्हणजे सुपारी-माडांची बाग आहे. त्याला मी सांगितलं, तूच बोलाव, मी पाठवते असं दिसू देऊ नकोस. आधी नुसतं पाणी लावायला गेले. मग सुपारी गोळा करणं, माड-केळींची आळी साफ करणं सुरू झालं. गुडघे दुखायचे म्हणून उताराच्या बाजूचं काम भावाने स्वतःकडे ठेवलं. सकाळची उकड्या तांदळाची पेज मी बंद केली नाही. ती बंद करायला सांगणारे बरेच भेटले. ती पेज म्हणजे त्यांचं कामावर जाणं होतं, ती काढून घेतली असती तर सगळंच सोडलं असतं त्यांनी. पेजेबरोबरचं लोणचं आणि सुकी मासळी तेवढी कमी केली, रक्तदाबासाठी.

घरात वजनकाटा आणलाच नाही. कंबर मोजायची टेप आहे. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत ८०च्या वर कंबर गेली की धोका धरतात. ते स्वतः मोजतात, मला सांगायचं तर सांगतात. मी विचारत नाही.

वास्कोहून

आम्ही दोघेही वेर्ण्याला शिफ्टमध्ये. बायकोची रात्रपाळी असली की पहाटे कँटीनमध्ये सामोसे आणि गोड चहा, दुसरं काही मिळतच नाही. मी तिचा डबा भरतो: उकडलेली अंडी, भाजलेले चणे, एक पोय (कोंड्याचा गोवेकरी पाव). ती घरी आली की पडदे ओढतो, फोन बंद करतो आणि तिला झोपू देतो. झोप झाली की ती गोडाकडे वळत नाही, एवढं नक्की दिसलंय. जास्त लिहायला काही नाही, पण डबा भरा.

म्हापशाहून

माझ्या बायकोला पीसीओएस, म्हणजे बीजांडकोश आणि संप्रेरकांचा बिघाड आहे. यात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. त्यामुळे इतरांपेक्षा कमी खाऊनही वजन उतरायला वेळ लागतो. पाळीचाही गोंधळ असतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती फार खचली होती. आणि आपल्या घरांत चतुर्थी आली की तीस माणसं एका छपराखाली. पहिल्या नमस्कारालाच आत्या म्हणते, "कितली मोटी जाल्या गो तूं!" प्रेमानेच म्हणते. पण माझी बायको त्यानंतर दोन दिवस खोलीबाहेर फारशी येत नाही, हे मी पाहिलंय.

म्हणून चतुर्थीच्या आधीच मी आत्याच्या घरी गेलो. म्हटलं, आत्या, तिच्या वजनावर यंदा कुणी बोलायचं नाही, तू मोठी आहेस, तूच सगळ्यांना सांग. आत्याने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना कुणीतरी सुरुवात केली तर तिनेच गप्प केलं. हे काम नवऱ्याचंच आहे असं माझं ठाम मत आहे. सासरच्या माणसांना सून नाही अडवू शकत, मुलगा अडवू शकतो.

दुसरं, शुक्रवारचा बाजार आता मी करतो. तांबडी भाजी, वाल, मुळा, पेरू. घरात जे येतं तेच खाल्लं जातं. फरसाणाची पाकिटं मीच आणायचो, आता आणत नाही, आणि मुलांचंही त्यावाचून काही अडलेलं नाही.

मडगावहून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. वजन माझं आहे. थायरॉइड मंद आहे, सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. गोळीने थोडंफार उतरलं, पण सगळी चरबी थायरॉइडची नव्हती.

नवरा माझा चांगला माणूस आहे. तरी काही गोष्टी मी त्याला स्पष्ट सांगितल्या आणि त्याने ऐकल्या, म्हणून लिहिते. लग्नात पंगतीत बसल्यावर "तुला हे चालेल का?" असं विचारायचं नाही. चार लोकांदेखत तो प्रश्न आला की पुढचा घास घशातून उतरत नाही, आणि घरी येऊन मी दुप्पट खाते. "आज बारीक दिसतेस" हेही रोज नको, कारण मग उद्या काय दिसेन याची भीती बसते. मी जिना चढून न दमता आले, तर त्याबद्दल बोल. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर खाली आली, तर त्याबद्दल बोल. वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब सुधारतो असं डॉक्टर सांगतात. मला तेवढंच हवंय. लग्नातल्या फोटोसारखं व्हायचं नाहीये मला.

आणि ज्या दिवशी मी ठरवलेलं मोडते, त्या दिवशी गप्प बस. मला ते माहीत असतं.

काणकोणहून

माझ्याकडे स्वयंपाकाचं लिहिण्यासारखं आहे. घरात सासूबाई, दीर-जाऊ, मुलं, एकच चूल. नवऱ्यासाठी वेगळं पथ्याचं शिजवायचं म्हटलं तर ते आजाऱ्याचं ताट होतं आणि त्याला ते खाववत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांचंच जेवण हलवलं, पण सासूबाईंच्या हाताची चव न हलवता.

सुरुवात नारळापासून केली. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे साधारण साडेतीनशे उष्मांक असतात. आमच्याकडे हुमणाला (माशाच्या आमटीला), भाजीला, सोलकढीला, सगळ्याला नारळ. नारळ सोडायचा हा विचारच चुकीचा, तो सोडला तर ते गोव्याचं जेवण राहणार नाही. आम्ही ठरवलं, एका जेवणात एकच नारळाचा पदार्थ. हुमण असेल तर भाजी नुसत्या फोडणीची, वर खोबरं नाही. सोलकढी असेल त्या दिवशी माशाचं तिखलं, बिननारळाचं. सासूबाईंना हे पटलं, कारण पूर्वी नारळ विकायला जायचे तेव्हा घरात असंच राखून वापरत, असं त्याच म्हणाल्या.

मग तळण. बांगडा, तारले रव्यात घोळून तेलात सोडले की किती तेल पितात ते कढईत दिसतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० उष्मांक. आता तव्यावर थोड्या तेलात, रव्याऐवजी मीठ-मिरची-कोकमाचं आगळ लावून. आठवड्यातून एकदा रव्याचा मासा होतो, आणि तो सगळ्यांना पोटभर मिळतो.

शीत मात्र अवघड. उकडे तांदूळ घेतले की वजन कमी होतं असा खूप जणांचा समज आहे. उष्मांक सुरयच्या (न उकडलेल्या) तांदळाएवढेच असतात. उकड्याने साखर जरा सावकाश चढते, एवढा फायदा. त्यामुळे आधी तोणाक (कडधान्याचं कालवण) आणि भाजी वाढायची, शीत नंतर. अळसांद्याचं किंवा चण्याचं तोणाक वाटीभर खाल्लं की शीत आपोआप एका उलथण्यावर थांबतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे मुगागाठी, तायकिळ्याची भाजी, अळू चालतं. हे दोन महिने नवऱ्याला सगळ्यात सोपे जातात. श्रावणानंतर नुस्तं (मासे) सुरू झालं की "आनीक इल्लें शीत घे" हा सासूबाईंचा आग्रह सुरू होतो. त्यांना आता मीच म्हणते, आग्रह नुस्त्याचा करा, शिताचा नको. त्या हसतात आणि तसंच करतात.

पणजीहून

घोरण्याकडे लक्ष द्या, हे सांगायला लिहितो आहे. माझी बायको झोपेत जोरात घोरायची, मध्येच श्वास थांबायचा, मग दचकून उठायची. सकाळी डोकं जड, दुपारी कामावर पेंग. सगळे म्हणायचे, वजनाने होतं, वजन उतरव. पण रात्रभर झोप न लागलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि चालायचं त्राण नसतं, मग वजन उतरणार कसं? झोपेची तपासणी केली, स्लीप ॲप्निया निघाला. आता ती सीपॅप यंत्राचा मास्क लावून झोपते, ते दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवतं. सुरुवातीला तिला त्या मास्कची लाज वाटायची. मी यंत्र स्वच्छ करायचं काम घेतलं, ट्यूब धुणं, फिल्टर बदलणं. त्यामुळे ते दोघांचं झालं. आता मिरामारला सकाळी चालायला तीच मला उठवते.

संध्याकाळची बिअर मी माझी बंद केली. ६५० मिलीच्या एका बाटलीत अडीचशेच्या आसपास उष्मांक, फेणीच्या ६० मिलीत १४०, आणि त्याबरोबरचं तळलेलं वेगळंच. शिवाय दारूने घशाचे स्नायू सैल पडतात आणि ॲप्निया वाढतो. तिने घ्यायची नाही आणि मी समोर बसून घ्यायची, हे मला बरं वाटलं नाही.

फोंड्याहून

बायको टिर्झेपेटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन घेते, मार्च २०२५मध्ये भारतात आलं ते. नातेवाईक म्हणतात, हा पळवाटेचा मार्ग. ती वर्षानुवर्षं चालली, उपास केले, हे त्यांनी पाहिलेलं नाही. रक्तदाबाच्या गोळीला कुणी पळवाट म्हणत नाही.

घरातल्या माणसाने काय करावं ते सांगतो. डोस वाढला की मळमळ, बद्धकोष्ठ होतं, तेव्हा ताट छोटं ठेवायचं, तळलेलं टाळायचं, पाणी आठवणीने द्यायचं. भूक इतकी मरते की प्रथिनं राहून जातात आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून अंडी, मासे, डाळ आधी आणि हलकी वजनं उचलण्याचा व्यायाम. तो आम्ही दोघे मिळून करतो. औषध थांबवलं की वजन परत येण्याचा संभव मोठा, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. गर्भारपणात हे चालत नाही. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर आधी सांगावं लागतं. ओळखीतल्या कुणाकडून इंजेक्शन मागवू नका. दर महिन्याचा खर्चही मोठा आहे, तो दोघांनी बसून ठरवा.

पेडण्याहून

सगळ्यांचं वाचलं. माझी अडचण वेगळी. माझ्या बायकोला वजन कमी करायचंच नाही. वजन जास्त आहे, तिच्या आईला आणि मावशीला दोघींनाही मधुमेह. विषय काढला की ती म्हणते, मी बरी आहे. मला काळजी वाटते, पण तिच्या मागे लागायचं नाही. काय करू?

मडगावहून, पेडण्याला

वजनाचा विषय बाजूला ठेवा. आईला मधुमेह आहे, एवढं कारण तपासणीला पुरेसं आहे. पण तिची एकटीची नको, दोघांची करा. साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. तुमचा अहवाल आधी उघडा आणि तिला दाखवा. तिचा तिने दाखवला तर बघा. साखर वर आली असेल तर पुढचं डॉक्टर बोलतील आणि ते तिला तुमच्यापेक्षा सोपं जाईल. सगळं ठीक असेल तर तुमची काळजी कमी होईल आणि तिचं "मी बरी आहे" निदान यंदापुरतं खरं मानावं लागेल.

पेडण्याहून

हे जमेल. शनिवारी दोघांची वेळ घेतो. उपाशीपोटी जायचं ना?

पर्वरीहून

हो, रात्री लवकर जेवा, सकाळपर्यंत आठ ते बारा तास काही खाऊ नका. पाणी चालतं. रक्त दिल्यावर लगेच खायला काहीतरी बरोबर न्या, तुमच्या दोघांसाठी.